तिसरी रांग गप्प बसते

उस्ताद वगीह शर्नूबीच्या गळ्यात देवाने मध घातला आणि डोक्यात वारं. गळ्याबद्दल अख्खं इजिप्त बोलतं. डोक्याबद्दल मी बोलतो, कारण त्याच्या डाव्या हाताला बसून खंजिरी वाजवण्यात माझे केस पांढरे झाले. चाली तो स्वतः बांधायचा, गायचा स्वतः, आणि मध्येच स्वतःवर इतका खूश व्हायचा की ताल कुठे ठेवला ते विसरायचा. तो शोधून आणून त्याच्या हातात ठेवायचं काम माझं.

त्याचं गाणं कागदावर दहा मिनिटांचं असे. थिएटरात ते दीड तास चाले, आणि त्या वाढीव वेळाची मालक होती तिसरी रांग. दर महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी त्या रांगेत आमचे कानसेन बसायचे. एक निवृत्त न्यायाधीश, एक अत्तरवाला, कापसाच्या व्यापारातले दोघे-तिघे, आणि मधोमध त्यांचा म्होरक्या, सय्यिदा झैनब भागातला खाटीक दसूकी, ज्याला धंद्यातला मुरब्बी म्हणून सगळे मुअल्लिम म्हणत. या माणसाला व्हायोलिन कुठल्या बाजूने धरतात हेही ठाऊक नव्हतं. पण वगीहने एखादी जागा नेमकी घेतली की दसूकीच्या पोटातून "अल्लाऽऽह!" अशी आरोळी यायची, की वरचं झुंबर हलायचं. मग "नबीची शपथ आहे, परत!" वगीह तीच ओळ परत म्हणायचा, पण तशीच नाही, काहीतरी नवं काढून. दसूकी पुन्हा ओरडायचा. दोघे एकमेकांना असे चढवत न्यायचे आणि आम्ही वाजवणारे मागून धापा टाकत जायचो.

मग वगीह मूतखड्याच्या उपचारासाठी व्हिएन्नाला गेला. खडा तिथे ठेवून आला आणि येताना एक विचार घेऊन आला. त्यापेक्षा खडा परवडला असता.

तिथल्या एका मैफलीत त्याने हजारो माणसं मुठीत जीव धरून गप्प बसलेली पाहिली. "बरकातकाका, खोकला आला तर माणूस उठून बाहेर जातो हो! बाहेर जाऊन खोकतो!" हे सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी विचारलं, "उस्ताद, कुणी गेलं होतं का?"

त्याने माझ्याशी बोलणं टाकलं, आणि त्याऐवजी तो एका साप्ताहिकाशी बोलला. मुलाखतीत म्हणाला, आपल्या श्रोत्यांनी आता माणसांत यावं. गाणं ऐकायचं असतं, त्याच्यावर ओरडायचं नसतं. आरडाओरडा खाटीकखान्यात शोभतो.

खाटीकखान्यात! या शहरात हमाल आहेत, गाडीवाले आहेत, कोर्टात वकील आहेत. आरडाओरड्याला जागा काय कमी होत्या? पण हात दाखवून अवलक्षण करून घेण्यात आमच्या उस्तादांचा कुणी हात धरणार नाही.

न्यायाधीशांनी ती मुलाखत कॉफीच्या दुकानात मोठ्याने वाचून दाखवली. मीही होतो तिथे. दसूकीने शेवटपर्यंत ऐकलं, कप खाली ठेवला आणि हळूच म्हणाला, "बरोबर आहे उस्तादांचं. आपण रानटीच."

बस, इतकंच. खाटीक ओरडत असेल तर खुशाल बसावं, पण तो हळू बोलायला लागला की आपण घरी जावं.

गुरुवारी तिसरी रांग आली ती काळे सूट, गळ्यात बो आणि हातांत पांढरे मोजे घालून. दसूकीचा बो त्याच्या मानेत असा रुतला होता, की हनुवटी वर केल्याशिवाय तो दिसतच नव्हता. सगळे गुडघ्यांवर हात ठेवून बसले. वगीहला आनंदाचं भरतं आलं. पडद्याच्या फटीतून बघत मला म्हणाला, "पाहिलंत, काका? आपल्या शब्दाला मान आहे."

नवं गाणं होतं आणि रेडिओवरून थेट जात होतं. वगीहने पहिली ओळ म्हटली आणि सवयीने दसूकीकडे पाहिलं. दसूकीने मान हलवली, निकाल राखून ठेवणाऱ्या जज्जासारखी. वगीहने तीच ओळ पुन्हा म्हटली. कुणी न मागता ओळ परत म्हणायची म्हणजे यजमानाने वाढायच्या आधी आपणच ताट पुढे करायचं, पण त्याने केलं. तरी शांतता. बाकीचं थिएटर नेहमी तिसऱ्या रांगेकडे बघून ओरडायचं, ते आता तिसऱ्या रांगेकडे बघून गप्प. मागे कुणीतरी खोकलं तर दसूकीने वळून, ओठांवर बोट ठेवून, "श्श!" केलं.

मी शेजारी होतो म्हणून मला दिसलं, वगीहच्या मानेवरचा घाम कॉलरमध्ये उतरत होता. जागा सुचेनात. तो घाईघाईने एक ओळ झाली की दुसरीकडे पळू लागला, कुत्रं मागे लागल्यासारखा. कधी नव्हे तो ताल माझ्या पुढे धावत होता. दीड तासाचं गाणं बघता बघता संपलं. मग मोज्यांतल्या हातांची टाळी वाजली. त्याला टाळी म्हणायचं तर कबुतराच्या फडफडीला तोफ म्हणावं लागेल.

इकडे रेडिओवाल्यांकडे एवढा मोठा वेळ मोकळा पडला. निवेदकाने घाबरून हाताला लागली ती तबकडी लावली आणि ती निघाली लष्करी बँडची. आमच्या देशात रेडिओवर अवचित लष्करी बँड वाजला की त्याचा अर्थ एकच. तांता शहरात माझ्या मेहुणीने पीठ-तेल पलंगाखाली सरकवलं, दाराला आतून खाट लावली आणि नवऱ्याला विचारलं, "आता कोण गेलं आणि कोण आलं?"

दुसऱ्या दिवशी वगीहने अंथरूण धरलं. डोक्याला रुमाल बांधून भिंतीकडे तोंड करून पडला. पुढचा गुरुवार जवळ येत होता आणि चाल एक सुचत नव्हती. मॅनेजरने अक्कल पाजळून लग्नघरी टाळ्या वाजवणारे चार वाहवावाले भाड्याने आणले. म्हणाला, निदान सराव तरी होईल. वगीहने मांडीवर ऊद हे आपलं तंतुवाद्य घेऊन पहिली तार जुळवली, "अल्लाह!" दुसरी जुळवली, "परत!" त्याला शिंक आली. "अल्लाह, अल्लाह, परत!" वगीहने सपाता फेकून मारल्या. त्यांना वाटलं हीही वाहवाच.

शेवटी त्याची बायको सित्त इन्शिराह मला म्हणाली, "बरकातकाका, जा त्या मुअल्लिमकडे. म्हणावं, झालं गेलं विसरा. यांना सांगू नका मी पाठवलं म्हणून."

मी गेलो. दसूकी दुकानात बोकड सोलत होता.

"आम्ही कुठे रागावलोय?" तो म्हणाला. "उस्तादांनी शिकवलं तसं वागतोय. युरोपियन झालो. पुढच्या खेपेला चष्मापण लावणार आहे."

"मुअल्लिम, तो माणूस खाट धरून पडलाय."

तेव्हा त्याने सुरी ठेवली आणि हात पुसून माझ्यापुढे धरला. अंगठ्याखाली दातांचे व्रण अजून गेले नव्हते. हळूच म्हणाला, "दुसऱ्या ओळीला तो खाली उतरला ना, तिथे मी चावलो. मोजा फाटला. बरकात, तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो काय, ते मला त्या दिवशी कळलं."

आता खरं तर माझं काम झालं होतं. थोडं गोड बोललो असतो तर तो विरघळला असता. पण माझी जीभ खंजिरीवाल्याची आहे, मोकळी जागा दिसली की तिथे ठोका पडतोच. मी म्हटलं, "मग पुढच्या गुरुवारी अख्खा हातच खाणार तुम्ही. तुमच्याने राहवायचं नाही, मुअल्लिम."

गिऱ्हाइकं हसली, आणि त्या हसण्यानेच घात केला. दसूकीने सुरी उचलून ओंडक्यात रोवली आणि गरजला, "ऐका सगळे! वगीह शर्नूबी भर थिएटरात, स्वतःच्या तोंडाने मला ओरडायला सांगत नाही, तोवर त्याच्या गाण्याला माझ्या तोंडून एक जरी 'अल्लाह' निघालं, तर माझी बायको नबविय्या मला तीन तलाकांनी हराम!"

आमच्याकडचे पुरुष काकडी महाग झाली तरी तलाकची शपथ घेतात, पण तीन-तीन, नाव घेऊन आणि साक्षीदारांसमोर म्हणजे गंमत नव्हे. एक बाई मांस न घेताच निघाली. मांस काय, नंतरही मिळतं. बातमी गरम असतानाच पोचवावी लागते.

दसूकीला थोड्या वेळाने कळलं आपण काय बोललो ते. तो मशिदीतल्या शेखकडे जाऊन आला. शेखने सांगितलं की उसासा चालेल, रडणं चालेल, शब्द निघाला की संसार संपला.

मी उत्तर घेऊन वगीहच्या घरी पोचलो, बसलो, आणि पाठोपाठ नबविय्या आली. रिकाम्या हाताने आली. आमच्यात कुणाच्या घरी बाई रिकाम्या हाताने आली की समजावं, भांडायला आलीय. ठेंगणी, गोल, डोळे मात्र नवऱ्याच्या सुरीपेक्षा धारदार. इन्शिराहने कॉफी पुढे केली ती तिने बाजूला सारली आणि वगीहच्या पलंगासमोर खुर्ची ओढून बसली.

"उस्ताद, एक मागायला आलेय."

"बोला ना, सित्त नबविय्या," वगीह डोक्याचा रुमाल सोडत म्हणाला.

"या गुरुवारी वाईट गा."

वगीहला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग मी त्याला शपथेचं सगळं सांगितलं, माझ्या जिभेचा भाग तेवढा वगळून. तो उठून बसला. चेहऱ्यावर काळजी आणावी की आनंद, त्याचं त्यालाच कळेना. त्याच्या गाण्यापायी एखादं लग्न मोडू शकतं, असं आजवर त्याला कुणी म्हटलं नव्हतं.

"बाई," तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "मला वाईट गाता येत नाही."

"का? मागच्या गुरुवारी आलं की!"

इन्शिराहने तोंडावर हात धरला. मी खंजिरीचा पट्टा नीट करू लागलो, तो नीटच होता.

"बरं, वाईट गाऊ नका," नबविय्या म्हणाली. "मग एवढं म्हणा. 'मुअल्लिम, ओरडा.' शपथ सुटते, तुमचंही गाणं सुटतं."

"मी? मी वगीह शर्नूबी, मुलाखत छापून आलीय माझी, मी आता एका खाटकाला..."

"खाटकाला काय? तुमच्यापायी घसा फोडून घेतलाय त्याने जन्मभर. माझं पहिलं बाळंतपण होतं त्या दिवशी तो तुमच्यासमोर बसून 'परत, परत' करत होता. मी चकार शब्द काढला नाही. आता त्याने मला नेऊन तुमच्या गळ्याला टांगलंय. तुम्ही चांगलं गायलात की मी रस्त्यावर."

वगीहने रुमाल पुन्हा डोक्याला बांधला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा चेहरा.

नबविय्या उठली. दारात थांबून म्हणाली, "नवऱ्याला घरी बसा म्हटलं तर म्हणतो, लोक म्हणतील दसूकी घाबरला. तुम्ही दोघे एका मापाचे आहात. त्याच्या घोरण्याशिवाय मला झोप लागत नाही, उस्ताद. हे त्याला सांगू नका, डोक्यावर बसेल."

ती गेली. वगीह बराच वेळ दाराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काका, माझा ऊद द्या."

एका कवीने दिलेली एक ओळ त्याच्याकडे कधीची पडून होती. 'तू गेलीस तर या घराला दार कशाला?' तिला चाल सापडत नव्हती. त्याने ऊद मांडीवर घेतला, तारा छेडल्या आणि ती चाल, कुठे दडून बसली होती कोण जाणे, सरळ चालत आली.

"अहो, ती बाई काय मागून गेली आणि तुम्ही काय करताय!" इन्शिराह ओरडली.

"वाईट निघतच नाहीये गं, मी काय करू?" तो चोरासारखा म्हणाला, आणि पुढची ओळ बांधायला लागला.

मला त्याचा राग आला. दुसऱ्याच्या घराला आग लागली तर हा तिच्यावर शेकत बसला होता. आणि चाल इतकी सुंदर होती, की माझी बोटं आपोआप पलंगाच्या कडेवर ठेका धरत होती, याचा त्याहून राग आला.

गुरुवारी थिएटरात पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मे लोक गाणं ऐकायला आले होते आणि निम्मे तलाक बघायला. तिसरी रांग आपल्या जागी, पण या वेळी मोजे नाहीत. बो मात्र होते. नबविय्याने निघण्यापूर्वी नवऱ्याच्या दोन्ही कानांत तेलात भिजवलेला कापूस कोंबला होता, आणि स्वतः वर बाल्कनीत पहिल्या ओळीत, कठड्याला धरून बसली होती.

वगीहने सुरुवात केली. 'तू गेलीस तर...' शांतता. पण ही मागच्या वेळची शांतता नव्हती. ती वरून घातलेली होती, ही आतून दाबलेली. वगीहला ते माझ्याआधी कळलं. तो ओळ फिरवू लागला. एकदा दारावर थांबला, एकदा घरावर. तिसऱ्या फेऱ्याला दसूकीची करंगळी हळूच उजव्या कानाकडे गेली आणि कापूस बाहेर आला. मग डावीकडचा. दोन्ही बोळे त्याने न्यायाधीशांच्या खिशात टाकले.

वगीहच्या ओठांवर हसू आलं, दुधाच्या भांड्यावरचं झाकण सरकलेलं दिसल्यावर बोक्याला येत असेल तसं. मी खंजिरीवर जरा जोरात थाप मारली, म्हणजे पुरे आता. त्याने ऐकलं नाही. तो सूर खाली उतरवत निघाला, पायरी पायरी, आणि प्रत्येक पायरीवर तिसऱ्या रांगेतलं कुणीतरी खुर्चीचे हात आवळत होतं. अत्तरवाल्याने डोळे मिटले होते. न्यायाधीशांनी दसूकीचा गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला होता, जसं काही आवाज तिथूनच निघणार होता.

आता एकच वळण उरलं होतं. त्या वळणाखाली ती जागा होती. दसूकीची छाती भरली, तोंड उघडलं. पण त्याची नजर वगीहवर नव्हती. तो मान वर करून बाल्कनीकडे बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा गाणं चालू असताना हा माणूस दुसरीकडे बघत होता. वगीहनेही तिकडे पाहिलं. नबविय्याने दोन्ही हातांनी स्वतःचंच तोंड दाबून धरलं होतं आणि बोटांवरून पाणी वाहत होतं. तिलाही आवरत नव्हतं.

मी पुढच्या मात्रेसाठी हात उचलला. मात्रा आलीच नाही. वगीहने तळवा तारांवर दाबला होता. अख्ख्या देशात रेडिओ लावून बसलेल्या घरांत तो एक धप्प आवाज गेला असेल, आणि मागोमाग उस्ताद वगीह शर्नूबीचा, न गाणारा, फाटका आवाज.

"ओरड, दसूकी!"

तो ऊदावरून पुढे झुकला.

"ओरड रे बाबा. तुम्ही गप्प बसलात की मी कुठे आहे तेच मला कळत नाही. खाटीकखाना म्हणालो, ते तोंड जळो माझं. एकटा बसून गायलो तर मला माझंच गाणं आवडत नाही. ओरड!"

दसूकी उभा राहिला. महिनाभर दाबलेलं सगळं आता बाहेर येणार म्हणून झुंबराखालच्या लोकांनी माना आत घेतल्या. त्याने तोंड उघडलं आणि काहीच निघालं नाही. नुसते ओठ हलत होते आणि डोळ्यांतलं पाणी बो भिजवत होतं. शपथ सुटली आणि घसा बसला. थिएटरातली सगळी माणसं त्याच्या तोंडाकडे बघत थांबली होती, कारण त्याच्याआधी ओरडायची कुणाची छाती नव्हती.

"अल्लाऽऽऽह!"

वरून आला तो आवाज. नबविय्या कठड्यावर अर्धी ओणवी होऊन ओरडली होती, आणि काय तो आवाज, तिच्या नवऱ्याचा त्यापुढे काहीच नव्हे. "परत म्हणा, उस्ताद! आणि आता चांगलं गा!"

मग जे झालं त्याला मी खाटीकखाना नाही म्हणणार, पण तिथे दारं-खिडक्या शाबूत राहिल्या ही देवाची कृपा. बाल्कनीत बायकांनी लग्नातल्यासारख्या ललकाऱ्या दिल्या. न्यायाधीश खुर्चीवर चढले. वगीहने ती ओळ परत म्हटली. मग परत. दसूकी उभाच होता, तोंड उघडं, आवाज नाही, आणि वगीह प्रत्येक वेळी त्याच्याकडे बघून ती ओळ नवीन करून त्याच्यापुढे ठेवत होता. मागे कडेला रेडिओचा माणूस आला आणि घड्याळावर बोट आपटून मला खुणा करू लागला. मी त्याला खंजिरीनेच बाजूला व्हायला सांगितलं. दसूकीचा आवाज अजून यायचा होता.